‘काइंडली रिव्हर्ट’: १०९ शब्दांच्या एका ईमेलचा प्रकरण अभ्यास

पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर टीमला लंडनच्या ग्राहकाकडून शुक्रवारच्या आत एक निर्णय हवा आहे. ग्राहकाच्या इनव्हॉइस मॉड्यूलमध्ये, म्हणजे बिले तयार करणाऱ्या भागात, काही बदल सुचवले आहेत. त्यांचा पहिला मसुदा चाचणीच्या सर्व्हरवर चढवलेला आहे. कोणते बदल पुढे न्यायचे हे ग्राहकाने सांगायचे आहे. टीम लीड ईमेल लिहितो आणि तो चौघांना जातो: लंडनमधला प्रॉडक्ट प्रमुख, तिथलाच एक प्रोग्रॅमर, न्यूयॉर्कमधली हिशेब विभागाची प्रमुख आणि पुण्यातला मॅनेजर.

ईमेल नमुन्याचा आहे, कोणा एका कंपनीतला नाही. पण हिंजवडी ते ऐरोली कुठल्याही ऑफिसात बसणाऱ्याला त्यातले प्रत्येक वाक्य ओळखीचे वाटेल.

विषय: रिगार्डिंग चेंजेस

डिअर ऑल,
होप धिस ईमेल फाइंड्स यू वेल. ॲज डिस्कस्ड, प्लीज फाइंड अटॅच्ड हिअरविथ द लिस्ट ऑफ चेंजेस इन द इनव्हॉइस मॉड्यूल फॉर युअर काइंड परूझल. द टीम हॅज डन अ डीप डाइव्ह अँड ॲट द एंड ऑफ द डे वुई फील दॅट इट विल बी अ विन-विन फॉर ऑल स्टेकहोल्डर्स. सम आयटम्स आर लो-हँगिंग फ्रूट, बट फॉर द रेस्ट वुई मे नॉट हॅव द बँडविड्थ गोइंग फॉरवर्ड. काइंडली गो थ्रू द सेम अँड रिव्हर्ट ऑन द चेंजेस बाय ईओडी फ्रायडे सो दॅट वुई कॅन टेक इट फॉरवर्ड. इन केस ऑफ एनी कन्सर्न्स, वुई कॅन टच बेस अँड टेक इट ऑफलाइन. रिक्वेस्ट यू टु प्लीज डू द नीडफुल ॲट द अर्लिएस्ट.
थँक्स अँड रिगार्ड्स

मायना आणि सही सोडली तर ७ वाक्ये, १०९ शब्द. स्पेलिंग बरोबर, सूर नम्र. तरीही शेवटपर्यंत वाचून वाचकाच्या हाती तीनच गोष्टी लागतात: सोबत एक यादी आहे, तिच्यातली काही कामे सोपी आहेत आणि शुक्रवारी काहीतरी करायचे आहे. यादीत किती बदल आहेत, सोपे कोणते, बाकीचे कशामुळे अडलेत, नेमका निर्णय कशावर हवा, तो चौघांपैकी कोणी द्यायचा, दिला नाही तर काय होईल, यातले काहीही कळत नाही. चौघांना गेलेला ‘डिअर ऑल’ प्रत्येकाला उरलेल्या तिघांसाठी वाटतो आणि शुक्रवार उलटतो.

गुळगुळीत झालेल्या शब्दांची तक्रार एरवी कानाच्या अंगाने होते. तेच तेच ऐकून कान किटतात, म्हणून ते शब्द नकोत. हा त्रास खरा आहे, पण तेवढ्यावर थांबले तर दुखणे सापडत नाही. या ईमेलमध्ये शब्द घासलेले आहेत यापेक्षा त्यांनी कोणाची जागा खाल्ली आहे ते पाहायला हवे. कोण, काय, किती आणि केव्हापर्यंत यांची उत्तरे जिथे यायला हवी होती, नेमके तिथे हे शब्द बसले आहेत.

रिव्हर्ट

या १०९ शब्दांतला सगळ्यात महागात पडू शकणारा शब्द हा. भारतातल्या ऑफिसांत ‘रिव्हर्ट’ म्हणजे उत्तर देणे, कळवणे. सिंगापूर आणि मलेशियातही हा अर्थ चालतो. ब्रिटन-अमेरिकेच्या रोजच्या इंग्रजीत मात्र ‘रिव्हर्ट’ म्हणजे पूर्वस्थितीला जाणे किंवा नेणे: माणूस जुन्या सवयीकडे वळतो, जमीन मूळ मालकाकडे परत जाते. ‘काइंडली रिव्हर्ट’ पहिल्यांदा वाचणारा तिकडचा माणूस क्षणभर अडखळतो, संदर्भावरून अर्थ लावतो आणि उत्तर देतो. बहुतेक वेळा नुकसान एवढेच.

इथे संदर्भच उलट्या अर्थाकडे ढकलतो. सॉफ्टवेअरमध्ये ‘रिव्हर्ट’ हे रोजच्या कामाचे क्रियापद आहे. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमध्ये ‘गिट रिव्हर्ट’ ही आज्ञाच आहे. आधीचा बदल रद्द करणारा नवा बदल ती नोंदवते. आता ‘रिव्हर्ट ऑन द चेंजेस बाय ईओडी फ्रायडे’ हे वाक्य लंडनचा प्रोग्रॅमर मोबाइलवर, दोन मीटिंगांच्या मधल्या वेळात वाचतो असे धरा. बदल मागे घ्यायचे असते तर ‘रिव्हर्ट द चेंजेस’ असे लिहिले असते. म्हणजे सगळा फरक एकट्या ‘ऑन’वर टांगलेला. भारतातून येणाऱ्या ईमेलांत ‘ऑन’, ‘इन’, ‘टु’ इकडचे तिकडे होतात याची ज्याला सवय आहे तो हा ‘ऑन’ मनातल्या मनात गाळतो. चाचणीच्या सर्व्हरवरचे बदल तो शुक्रवारी मागे घेईल आणि ‘डन’ एवढे कळवील. पुण्यात सोमवारी सकाळी त्या ‘डन’चा अर्थ होकार असा घेतला जाईल. दोन्ही बाजूंनी सांगितलेले काम चोख केले, आणि ते एकमेकांच्या विरुद्ध झाले.

हा शब्द आपल्याकडे इतका पक्का का बसला, याचे उत्तर मराठीत आहे. ‘कळवावे’ या एका शब्दात आपण उत्तर, माहिती, होकार-नकार आणि आदर हे सगळे घालतो. ‘आपण बघून कळवावे.’ इंग्रजीत त्याच्या तोडीचा, तेवढाच औपचारिक आणि एकशब्दी पर्याय चटकन हाताशी येत नाही. ‘रिप्लाय’ कोरडा वाटतो, ‘टेल मी’ उद्धट वाटतो. ‘रिव्हर्ट’ने ही पोकळी भरली. नाशिकहून नागपूरला जाणाऱ्या ईमेलमध्ये तो बिनधास्त वापरावा, तिथे कोणाचा गैरसमज होत नाही. पण वाचकांत भारताबाहेरचा एक जरी असला किंवा विषय सॉफ्टवेअरचा असला, तर ‘प्लीज रिप्लाय’ लिहावे. ते उद्धट नाही.

शुक्रवार नक्की कुठला

ईओडी म्हणजे एंड ऑफ डे. कोणाच्या दिवसाचा शेवट? जून महिना आहे असे धरू. पुण्यात टीम संध्याकाळी ६:३० ला उठते. तेव्हा लंडनमध्ये दुपारचे २ आणि न्यूयॉर्कमध्ये सकाळचे ९ वाजलेले असतात. लंडनचे ऑफिस ५:३० ला सुटते, तेव्हा पुण्यात रात्रीचे १०. न्यूयॉर्कचे ऑफिस ५:३० ला सुटते, तेव्हा पुण्यात शनिवार उजाडून पहाटेचे ३ वाजलेले असतात. एकाच ईओडीचे तीन अर्थ आणि पहिल्या-तिसऱ्यात साडेआठ तासांचे अंतर. न्यूयॉर्कच्या बाईंनी अगदी वेळेवर, त्यांच्या शुक्रवारी ४ वाजता पाठवलेले उत्तर पुण्यात सोमवारी उघडले जाणार.

हिवाळ्यात हा हिशेब पुन्हा बदलतो. भारतीय प्रमाणवेळ वर्षभर तीच, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. ब्रिटनची घड्याळे मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातात. अमेरिकेत हेच मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होते. त्यामुळे वर्षातले काही आठवडे लंडन आणि न्यूयॉर्कमधले अंतर नेहमीच्या ५ ऐवजी ४ तास असते. हे सगळे लक्षात ठेवायची गरज नाही. शहराचे नाव आणि घड्याळाची वेळ लिहिली की पुरते. वाचकाच्या शहराची वेळ लिहावी, आपली नाही, कारण काम त्याने करायचे आहे. तारखेत महिना अक्षरांत लिहावा. ०६/०७ ही पुण्याच्या आणि लंडनच्या माणसाला ६ जुलै वाटते, न्यूयॉर्कच्या माणसाला ७ जून.

बँडविड्थ

ईमेलमधले सगळ्यात निरुपद्रवी दिसणारे, पण दुरुस्त करायला सगळ्यात अवघड वाक्य चौथे: काही आयटम लो-हँगिंग फ्रूट, बाकीच्यांसाठी ‘बँडविड्थ’ नसेल.

बँडविड्थ हा मुळात रेडिओ आणि दूरसंचाराचा शब्द, वारंवारतेच्या पट्ट्याची रुंदी. इंटरनेटबरोबर तो ‘एका वेळी किती माहिती जाऊ शकते’ या अर्थाने घराघरांत आला आणि तिथून माणसांना चिकटला. माणसाला लावल्यावर त्याचा अर्थ काय? वेळ नाही? माणसे कमी आहेत? ते काम येणारा माणूस दुसऱ्या प्रकल्पावर आहे? पैसे पुरत नाहीत? की करायची इच्छा नाही? या पाचही कारणांवर ग्राहकाने करायची गोष्ट वेगळी आहे. वेळ नसेल तर तो तारीख पुढे ढकलील, माणूस कमी असेल तर खर्च मंजूर करील, इच्छाच नसेल तर दुसरी टीम शोधील. ‘बँडविड्थ’ या पाचांवर एकच पांघरूण घालते.

त्यावर ‘मे नॉट हॅव’. म्हणजे नसेलही, असेलही. त्यावर ‘गोइंग फॉरवर्ड’, म्हणजे पुढे कधीतरी. एका वाक्यात तीन पडदे.

म्हणूनच हे वाक्य नुसती भाषा सुधारून दुरुस्त होत नाही. संपादनाला बसलेल्या माणसाने कितीही सोपे पर्याय शोधले तरी त्याला इथे थांबून टीमला फोन करावा लागतो: एकूण बदल किती? १४. सोपे किती? पहिले ९. ते कधी होतील? ३० जूनपर्यंत. उरलेले ५ का अडलेत? कर आकारणीचा भाग जाणणारा आणखी एक डेव्हलपर लागेल. किती दिवस? ३ आठवडे. त्याचा खर्च सध्याच्या करारात आहे का? नाही. पाच मिनिटांच्या या बोलण्यात चौथ्या वाक्याचा खरा मजकूर मिळाला आणि ईमेल लिहायचे खरे कारणही सापडले. ग्राहकाकडून हवी आहे ती एका डेव्हलपरच्या ३ आठवड्यांच्या खर्चाची मंजुरी. मूळ १०९ शब्दांत खर्च हा शब्द एकदाही येत नाही.

जार्गनचे, म्हणजे अशा ठरावीक धंदेवाईक शब्दांचे, खरे बळ इथे दिसते. पैशाचा विषय काढायला लिहिणारा कचरतो. ‘बँडविड्थ’ म्हटले की विषय काढल्यासारखेही होते आणि न काढल्यासारखेही. वाचणाऱ्याने समजून घ्यावे अशी अपेक्षा असते. समोरासमोर, आवाजाच्या चढउतारासह, हे जमून जाते. सात हजार किलोमीटरवरच्या माणसाने लिखित वाक्यातून ते ओळखावे ही अपेक्षा त्याच्यावर अन्याय करणारी आहे.

दोन काळांचे इंग्रजी

या एका ईमेलमध्ये इंग्रजीचे दोन थर एकमेकांवर बसले आहेत. ‘हिअरविथ’, ‘काइंड परूझल’, ‘द सेम’, ‘डू द नीडफुल’ हा पहिला. हे गेल्या शतकांतल्या ब्रिटिश कचेरीचे आणि व्यापारी पत्रव्यवहाराचे इंग्रजी. ‘डू द नीडफुल’ एके काळी ब्रिटनमध्येही सर्रास लिहिले जात होते. तिकडे ते मागे पडले, इकडे टिकले. टिकले, कारण ते मराठी-हिंदी कचेरीच्या साच्यात चपखल बसते: ‘योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.’ यात कार्यवाही कोणती ते नाही आणि ती कोणी करायची तेही नाही. ‘व्हावी’ म्हटले की कर्ता गायब होतो. मंत्रालयातून तहसीलपर्यंत आणि तहसीलमधून पुन्हा वर जाणाऱ्या कागदांवर ही ओळ वर्षानुवर्षे चालली, कारण तिथे कोणत्या टेबलाने काय करायचे ते नियमाने ठरलेले होते. तसे काही ठरलेले नसलेल्या ठिकाणी ती ओळ नेली की काम अधांतरी राहते.

दुसरा थर अमेरिकन मॅनेजमेंटचा: डीप डाइव्ह, विन-विन, लो-हँगिंग फ्रूट, टच बेस, ऑफलाइन. यातले बरेच शब्द मूळ ठिकाणी डोळ्यांसमोर चित्र उभे करत. टच बेस, म्हणजे थोडक्यात बोलून घेणे, हे बेसबॉलमधले. धावणाऱ्या खेळाडूचा पाय बेसला लागावा लागतो. बेसबॉल न पाहिलेल्या लंडनच्या आणि पुण्याच्या दोघा माणसांनी एकमेकांना ‘टच बेस’ करू म्हणावे यात चित्र कोणाच्याच डोळ्यांसमोर नसते, नुसता आवाज उरतो. ‘स्टेकहोल्डर’चा प्रवास तर उलटाच झाला. मुळात तो पैजेची रक्कम सांभाळणारा तिऱ्हाईत, ज्याचा निकालात काहीही हितसंबंध नाही असा माणूस. आज त्याचा अर्थ हितसंबंध असलेला कोणीही. या ईमेलमध्ये ‘ऑल स्टेकहोल्डर्स’ म्हणजे ते चौघे की ग्राहकाचेही ग्राहक, हे लिहिणाऱ्याला विचारले तर त्यालाही सांगता येणार नाही.

दोन्ही थरांचा त्रास वेगवेगळ्या माणसांना होतो. जुना थर परदेशी वाचकाला अडतो, नवा थर सगळ्यांनाच थकवतो. पण कामाच्या दृष्टीने त्यांचा दोष एकच: दोन्हींमध्ये क्रियापदाचा कर्ता आणि मुदत लपते.

‘ॲट द एंड ऑफ द डे’ची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याला अर्थ असा नाहीच, तो श्वास घ्यायचा थांबा आहे. प्लेन इंग्लिश कॅम्पेन ही ब्रिटनमधली संघटना लिव्हरपूलच्या क्रिसी मेहर यांनी १९७९ मध्ये सुरू केली, ती लंडनच्या पार्लमेंट स्क्वेअरमध्ये न समजणारे सरकारी कागद जाहीरपणे फाडून. या संघटनेने २००४ मध्ये ७० हून अधिक देशांतल्या सुमारे ५,००० समर्थकांना सगळ्यात चीड आणणारा वाक्प्रयोग विचारला, तेव्हा पहिला आला तो हाच. अमेरिकेत मिशिगनमधले लेक सुपीरियर स्टेट विद्यापीठ १९७६ पासून दर नववर्षाला हद्दपार करावेत अशा शब्दांची यादी काढते. त्या यादीत हा वाक्प्रयोग १९९९ मध्ये आला आणि २०२२ मध्ये पुन्हा आला. दोनदा हद्दपार होऊनही तो जिवंत आहे. आमच्या ईमेलमध्ये त्याने आणखी एक गोंधळ घातला आहे: दोन वाक्ये पुढे खराखुरा ‘एंड ऑफ डे’ येतो. घाईने वाचणाऱ्याला ‘ॲट द एंड ऑफ द डे वुई फील’ मध्ये मुदत दिसू शकते.

मराठीत तो आता दोन वाटांनी शिरला आहे. बोलण्यात इंग्रजीतच, मुलाखतींमधून. लिहिण्यात ‘दिवसाच्या शेवटी’ असा, भाषांतरांमधून. ‘दिवसाच्या शेवटी कुटुंबच महत्त्वाचे असते’ हे वाक्य मराठी वाचकाला संध्याकाळी घरी परतलेल्या माणसांची आठवण करून देते, आणि लेखकाला ते म्हणायचे नसते. आपल्याकडे ‘सरतेशेवटी’, ‘काही झाले तरी’, ‘मुद्दा असा की’ असे पर्याय आहेत, आणि बहुतेक वेळा काहीच न घालता वाक्य जास्त ठाम होते: ‘कुटुंब महत्त्वाचे.’

याद्या का पुरत नाहीत

शब्दांवर बंदी घालणे हा नेहमीचा उपाय. इंग्लंडमधल्या लोकल गव्हर्नमेंट असोसिएशनने मार्च २००९ मध्ये नगरपालिकांनी टाळावेत अशा २०० शब्दांची यादी काढली. तिच्यात ‘प्रेडिक्टर्स ऑफ बीकनिसिटी’सारखे, बाहेरच्या कोणाला सात जन्मांत कळू नयेत असे प्रयोग होते. अशा यादीचा उपयोग होतो, लोकांचे लक्ष वेधले जाते. पण यादीतला एक शब्द गेला की त्याच खुर्चीत दुसरा येऊन बसतो. ‘रिव्हर्ट’ बंद केला तर ‘सर्कल बॅक’ येतो, ‘बँडविड्थ’ गेला तर ‘कपॅसिटी’ येते. खुर्ची तशीच राहते.

ब्रिटिश सरकारच्या गव्ह डॉट यूके या संकेतस्थळाची लेखनशैलीची मार्गदर्शिका या बाबतीत जास्त उपयोगी वाटते. तीही टाळायचे शब्द सांगते, पण शेजारी कसोटी देते. ‘डिलिव्हर’ पिझ्झा, टपाल आणि सेवा होतात, सुधारणा नाही. ‘ड्राइव्ह’ फक्त वाहन करता येते. ‘टॅकल’ खेळात करतात. ‘फॅसिलिटेट’ऐवजी नेमकी काय मदत करता ते लिहा. म्हणजे शब्दाला त्याच्या घरी पाठवायचे आणि रिकाम्या जागेत खरे काम लिहायचे. ही पद्धत मराठी कचेरीतल्या लेखनालाही जशीच्या तशी लागू पडते: ‘राबवणे’, ‘सक्षमीकरण’, ‘अंमलबजावणी करण्यात येत आहे’ यांच्या जागी कोण काय करतो ते लिहून बघावे.

दुरुस्ती

या ईमेलला एकूण पंधरा मिनिटे पुरतात, त्यातली पाच टीमला फोन करण्यात जातात. आधी फक्त क्रियापदांखाली रेघा ओढायच्या आणि प्रत्येकापुढे कर्ता लिहायचा. ‘गो थ्रू’ कोणी? चौघांपैकी प्रॉडक्ट प्रमुखाने. ‘रिव्हर्ट’ कोणी? त्यानेच. ‘टेक इट फॉरवर्ड’ कोणी? पुण्याच्या टीमने. ‘डू द नीडफुल’? कर्ता सापडत नाही, कामही सापडत नाही. वाक्य पूर्ण काढायचे. ज्या क्रियापदाला कर्ता मिळत नाही ते ठेवायचेच नाही.

मग ईमेल एका माणसाच्या नावाने करायचा, बाकीचे तिघे प्रतीत. त्यानंतर आकडे आणि तारखा. मग निर्णय प्रश्नाच्या रूपात लिहायचा, कारण प्रश्नचिन्ह असलेल्या वाक्याला उत्तर द्यावे लागते. ‘काइंडली’ने सुरू झालेल्या वाक्याला मान डोलावली तरी चालते. उत्तर येईपर्यंत काय होणार नाही हेही सांगायचे, ज्यामुळे ‘रिव्हर्ट’सारखा गैरसमज उरत नाही. सगळ्यात शेवटी विषयाची ओळ, कारण मजकूर पक्का झाल्याशिवाय विषय कळत नाही.

विषय: इनव्हॉइस मॉड्यूल: डिसिजन ऑन १४ चेंजेस, फ्रायडे १३ जून, ३ पीएम लंडन

अटॅच्ड आर द १४ चेंजेस टु द इनव्हॉइस मॉड्यूल. वुई कॅन फिनिश आयटम्स १ टु ९ बाय ३० जून. आयटम्स १० टु १४ नीड वन मोअर डेव्हलपर फॉर थ्री वीक्स. डू यू अप्रूव्ह द एक्स्ट्रा कॉस्ट? प्लीज रिप्लाय बाय ३ पीएम लंडन टाइम ऑन फ्रायडे. अंटिल देन वुई विल नॉट टच द करंट व्हर्जन. फॉर क्वेश्चन्स, आय ॲम फ्री ऑन थर्सडे, ११ टु १२ लंडन टाइम.

वाक्ये तितकीच, ७. शब्द १०९ वरून ६६. लंडनचे दुपारचे ३ म्हणजे जूनमध्ये पुण्याचे संध्याकाळचे ७:३०. टीममधला एक जण तेवढा वेळ थांबला की शुक्रवारीच उत्तर वाचता येते. गुरुवारचे ११ ते १२ म्हणजे पुण्याचे दुपारचे ३:३० ते ४:३०, टीम जागेवर असते. अतिरिक्त खर्चाचा आकडा ईमेलमध्ये नको, तो जोडलेल्या यादीत १० ते १४ क्रमांकांसमोर द्यावा.

या मसुद्यावर पहिला आक्षेप येतो तो नम्रतेचा. मराठी माणसाला हा ईमेल उघडाबोडका वाटतो. आपल्या भाषेत आदर क्रियापदातच असतो: करा, करावे, कराल का, करावे ही विनंती. इंग्रजीत क्रियापद तसे वाकत नाही, म्हणून आपण बाहेरून ‘काइंडली’, ‘प्लीज’, ‘रिक्वेस्ट यू टु’ असे एकावर एक थर चढवतो. मूळ ईमेलच्या शेवटच्या वाक्यात ‘रिक्वेस्ट’ आणि ‘प्लीज’ दोन्ही आहेत, आणि वर ‘ॲट द अर्लिएस्ट’ची घाईही आहे. इंग्रजी वाचकाला त्यातली नम्रता पोहोचत नाही, घाई तेवढी पोहोचते. एक ‘प्लीज’, स्पष्ट प्रश्न आणि बोलायला मोकळी ठेवलेली वेळ यात पुरेसा आदर आहे. गुरुवारचा तो एक तास हाच या ईमेलमधला सगळ्यात सौजन्याचा भाग म्हणावा लागेल, कारण तो प्रत्यक्ष देऊ केलेला वेळ आहे.

दुसरा आक्षेप असा की भारतीय इंग्रजीची लाज कशाला बाळगायची? बाळगू नये. ‘प्रीपोन’ हा शब्द आपण रुळवला आणि तो ‘पोस्टपोन’चा इतका नेमका विरुद्धार्थी आहे की तो जगाने घ्यावा. ‘प्लीज फाइंड अटॅच्ड’ जुनाट आहे, पण त्याने कोणाचे काही अडत नाही. सवयीने आला तर राहू द्यावा. सॉफ्टवेअरमधले ‘रोलबॅक’, ‘रिग्रेशन’, ‘बिल्ड’ हे जार्गनच आहेत, पण ते जाणणाऱ्यांमध्ये दोन वाक्यांचे काम एका शब्दात करतात. काढायचे ते शब्द, ज्यांच्यामुळे दोन वाचक दोन वेगळी कामे करतील किंवा कोणीच काहीच करणार नाही.

पाठवण्याआधी ईमेल या कामाशी संबंध नसलेल्या शेजारच्या टेबलावरच्या एखाद्याला अर्धा मिनिट वाचायला द्यावा आणि मग तो झाकून तीन प्रश्न विचारावेत: उत्तर कोणी द्यायचे, कशाचे, केव्हापर्यंत? मूळ मजकुरावर तिसऱ्या प्रश्नाला ‘शुक्रवारी’ एवढे उत्तर येते आणि पहिल्या दोन्हींना खांदे उडतात. सुधारलेल्यावर तिन्ही उत्तरे मिळायला हवीत. पहिले अडले, तर मायन्यात अजून ‘डिअर ऑल’ राहिले आहे का ते पाहावे.